वाळूच्या साक्षीविरुद्ध

दक्षिण कॅलिफोर्नियात व्हेंचुरा शहराला लागून हॉल कॅन्यन नावाची घळ आहे. तिथल्या प्लायोसीन काळातल्या थरांत जाडीभरडी वाळू आहे, मधूनमधून गोटेही. आणि वाळू-गोटे दिसले की पाणी उथळ, किनारा जवळ, हा भूवैज्ञानिकांचा जुना ठोकताळा. 1933 साली मॅन्ली नॅटलंड यांनी त्याला छेद दिला. त्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रतळाचा गाळ तपासून कोणते फोरॅमिनिफेरा किती खोलीवर राहतात ते पाहिले आणि घळीतल्या कवचांशी ताडले. खालच्या थरांतली मंडळी हजार मीटरहून खोल, थंड पाण्यातली निघाली. थरांतून वर येत गेले तसा समुद्र उथळ होत गेला होता.

फोरॅमिनिफेरा, थोडक्यात फोरॅम, हे एकपेशीय जीव. बहुतेकांचे कवच चुन्याचे आणि वाळूच्या कणाएवढे. काही जण आसपासचे कण चिकटवून घर बांधतात. काही पाण्यात तरंगतात, बाकीचे तळावर किंवा गाळात राहतात.

काम चिकाटीचे. खडक भिजवून सुटा करायचा, 63 मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याखाली धुवायचा, चिखल निघून गेला की उरलेले वाळवून काळ्या तबकडीत पसरायचे. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, अगदी बारीक टोकाच्या ओलसर कुंचल्याने एकेक कवच टिपायचे आणि चौकटी आखलेल्या स्लाइडवर ठेवायचे. साधारण 300 कवचे मोजली की नमुना पुरेसा मानतात.

सगळ्यात सोपी मोजणी तरंगत्यांची आणि तळवासीयांची. किनाऱ्याजवळ तरंगते कमी. खोल पाण्यात त्यांच्या कवचांचा वरून सडा पडत राहतो, तळवासी मात्र अन्नाअभावी विरळ होतात. 1990 मध्ये व्हान डेर झ्वान आणि सहकाऱ्यांनी या प्रमाणाचे सूत्रच दिले. तरंगते 50 टक्के असतील तर खोली सुमारे 210 मीटर, 90 टक्के असतील तर सुमारे 870. सूत्र देखणे आहे, पण एकही तरंगते कवच नसले तरी ते 36 मीटर असेच उत्तर देते. खाजणातला गाळ दिला तरी! दुसऱ्या टोकाला 1,240 मीटरच्या आसपास त्याची मजल संपते.

मुळात फोरॅमला खोली कळतच नाही. त्याला कळते ते अन्न, ऑक्सिजन, तापमान, आणि अंगात शैवाल बाळगणाऱ्या मोठ्या फोरॅमना उजेड. सहसा या गोष्टी खोलीबरोबर बदलतात, म्हणून आपले भागते. जवळच्याच सांता बार्बरा खोऱ्याच्या तळाशी, सहाशे मीटरच्या आसपास, ऑक्सिजन जवळपास नसतो. तिथे बोलिव्हिनासारखे गाळात राहणारे काटक फोरॅम भरमसाट होतात. झ्वान यांनी गाळात शिरून राहणाऱ्यांना मोजणीतून वगळले ते याचसाठी. माझ्या मते या विद्येतली खरी हुशारी सूत्रात नाही, कोणाला मोजायचे नाही हे ठरवण्यात आहे.

तीच हुशारी व्हेंचुराच्या वाळूलाही लागू पडली. नॅटलंड यांची कवचे खरी मानली, तर हजार मीटरवर गोटे कुठून आले? डच भूवैज्ञानिक फिलिप क्यूनेन यांनी पाण्याच्या टाकीत प्रयोग करून दाखवले होते की गढूळ, जड पाण्याचा लोंढा समुद्राच्या उतारावरून तळ धरून वाहतो आणि वाळू खोलवर नेऊन टाकतो. 1951 मध्ये दोघांनी मिळून व्हेंचुराच्या खोऱ्याचा इतिहास याच अंगाने मांडला.

अशा ठिकाणी नियम साधा: वरचे खाली घसरते, तळचे आपणहून वर चढत नाही. म्हणून मिसळ आढळली की, जुन्या खडकातून झिजून आलेली कवचे बाजूला काढून, उरलेल्यांत सर्वात खोल राहणाऱ्यांचा शब्द धरायचा. व्हेंचुरात वाळूच्या थरांत उथळ पाण्यातली कवचे सापडतात, आणि दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात सावकाश बसलेल्या चिखलात खोल पाण्यातली.