शरीरात साचलेले तांबे

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. कालपरवापर्यंत मोत्यासारखे अक्षर काढणारा. हळूहळू अक्षर वेडेवाकडे होते, बोलताना जीभ जड पडते, हात थरथरतो, तोंडातून लाळ गळते. स्वभावही चिडका होतो. घरी म्हणतात, याचे लक्ष नाही. वाईट अक्षर म्हणजे आळस, ही तर मास्तरांची जुनी खात्री! शेजारची आजी अंगारा लावायला सांगते. तांब्याची शंका मात्र कुणालाच येत नाही.

लंडनमध्ये किनियर विल्सन या मज्जातंतुतज्ज्ञाने १९१२ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. मेंदूत खोलवर असलेली, हालचालींवर ताबा ठेवणारी केंद्रे झिजलेली आणि सोबत यकृतही निबर झालेले! ही जोडी जुळली कशी? अन्नातून थोडे तांबे पोटात जातेच, शरीराला ते लागतेही. उरलेले यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या मुलाच्या यकृताला हे साधत नाही. तांबे आधी तिथे साचते, मग रक्तातून मेंदूत उतरते. बुबुळाच्या कडेलाही त्याचे सोनेरी-तपकिरी कडे उमटते. मेंदूवर परिणाम झालेल्या बहुतेक रोग्यांत नेत्रवैद्याला ते दिसते.

एवढ्यावरून कोणी घरातला तांब्याचा हंडा मोडीत काढू नये. दोष जनुकात आहे, हंड्यात नव्हे. रोग्याने मात्र त्यातले पाणी पिऊ नये.

१९५६ साली जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरांनी पेनिसिलामाइन हे औषध पुढे आणले. ते त्यांनी आधी स्वतः घेऊन पाहिले होते. या औषधाने तांबे लघवीवाटे निघून जाते. पुढे जस्ताचे क्षारही उपयोगी ठरले. पण इथे एक मोठी अडचण आहे. मेंदूवर परिणाम झालेल्या काही रोग्यांची थरथर पेनिसिलामाइनने सुरुवातीला उलट वाढते, आणि सगळ्यांचीच ती पुढे ओसरते असेही नाही. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू वाढवतात. उलट, बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने सोडणे जिवावर बेतू शकते. ते जन्मभर घ्यायचे असते.

एका मुलाचे निदान झाले की डॉक्टर विचारतात, "भावंडे किती?" प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा विकार असण्याची शक्यता चारात एक. धाकटी बहीण ठणठणीत दिसत असली, तरी तिचे रक्त, लघवी आणि डोळे तपासायचे. विकार सापडलाच, तर तिचा हात थरथरण्यापूर्वीच औषध सुरू करता येते.