पियानोचा लेहरा : मोंटुनो

वर्धा, आर्वी, हिंगणघाटकडे तबला शिकणाऱ्या मुलांना लेहरा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तबलजी कायदे-रेले उलगडत असतो, पेटीवाला एकच ओळ न ढळता फिरवत ठेवतो. क्यूबाच्या ‘सोन’ या संगीतप्रकारात आणि पुढे साल्सामध्ये हेच काम पियानो करतो. त्या फिरत्या ओळीला मोंटुनो म्हणतात.

ती जन्मली मात्र पियानोवर नाही. तारांच्या तीन जोड्या असलेल्या ‘त्रेस’ या गिटारसारख्या वाद्यावर ती आधी वाजे. 1940च्या दशकात आर्सेनिओ रोद्रिगेस या अंध त्रेसवादकाने आपल्या ताफ्यात पियानोला कायमची जागा दिली. त्याचा पियानोवादक लिली मार्तिनेस याने ही आकृती दोन्ही हातांनी, सप्तकाच्या अंतराने वाजवत फुलवली. तिथून पियानो तालवाद्यांच्या पंक्तीत बसला.

खरी गंमत लयीत आहे. सगळ्यांवर हुकूम चालतो तो क्लावेचा, म्हणजे दोन लाकडी दांड्यांच्या पाच ठोक्यांचा. आपल्या केरव्याच्या आठ मात्रा मोजा आणि 2, 3, 5, साडेसहा, 8 अशी टाळी द्या, झाला क्लावे. दोन टाळ्यांच्या अर्ध्या भागात पियानो मात्रेवर पाय रोवतो, तीन टाळ्यांच्या भागात मात्रांच्या मधल्या जागा पकडतो. त्यातच बासही पुढच्या स्वरावर मात्रेआधीच पोचतो. लेहरा समेचं ठिकाण स्पष्ट दाखवतो, मोंटुनो ते पुढे ढकलत राहतो. दोघांचं नातं सांगताना हा फरक विसरू नये. पियानोवाल्याने अर्ध्या आवर्तनाची चूक केली, तर सूर बरोबर असूनही सगळा ताफा ‘उलटा’ वाटतो.

मराठी कानांना लॅटिन ढंग नवा नाही. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी ‘समाधी’ (1950) मधलं ‘गोरे गोरे’ एडमुंडो रॉसच्या वाद्यवृंदाच्या गाण्यावरून बांधलं, आणि ‘अलबेला’ (1951) मध्ये बोंगो घुमवला. त्यांच्या सोबतीला गोव्याच्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. पण आपण ठेका उचलला, ट्रम्पेट उचललं. पियानोच्या या कामाकडे मात्र पुरेसं लक्ष दिलं नाही, असं मला वाटतं.

ते आता द्यावं. साल्सा पियानोवादक एडी पाल्मिएरीची एखादी ध्वनिमुद्रिका लावा, हाताने क्लावे धरा आणि गायकाला सोडून फक्त पियानो ऐका. पेटी शिकवणाऱ्यांनी तर लेहऱ्याच्या जोडीला ही आकृतीही मुलांच्या बोटांत घालावी.