बर्फावरच्या गाडीवर बसताना पाय सांभाळा

काश्मीरला जायचं ठरलं की घरात तयारीला नुसता ऊत येतो. स्वेटर, शाली, कानटोप्या, वाटेत खायला चिवडा, एवढंच काय, चहाचा मसालासुद्धा पिशवीत जातो. पायांची आठवण मात्र कुणाला होत नाही. ‘त्यात काय, टांगमर्गला गमबूट भाड्यानं मिळतात की!’ मिळतात, खरंच मिळतात. पण ते घालून जानेवारीत गुलमर्गला स्नोमोबाईलवर अर्धा तास फिरून आलेल्या एखाद्या मैत्रिणीला विचारून पाहा. डोंगर कसे दिसले ते ती नंतर सांगेल, आधी पायांच्या बोटांचं गाऱ्हाणं सांगेल.

असं का होतं? बर्फातून चालत गेलं तर पाय तितके गारठत नाहीत, कारण चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त खेळतं ठेवतात. गाडीवर आपण नुसत्या बसून असतो. त्यातून वारा! उणे १० अंश थंडीत ताशी ३० किलोमीटरचा वारा अंगावर आला तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २० सारखी भासते. आणि गाडी पळू लागली की बाहेर वारा नसला तरी हा वारा आपला आपणच तयार करतो. इंजिन पुढे असल्यामुळे त्याची थोडीफार ऊब चालवणाऱ्याला मिळते. मागे बसणारीच्या पायाशी उडालेला बर्फ साचतो, विरघळतो आणि बुटात उतरतो.

शिवाय आपलं शरीर मोठं हिशेबी आहे. महिनाअखेरीला आपण आधी धान्य-दूध बघतो, साडी मागे ठेवतो, तसं थंडी वाढली की ते हृदय आणि मेंदू ऊबदार ठेवण्यासाठी हातापायांचं रक्त आखडतं घेतं. म्हणून पाय गार पडले की आधी डोकं, कान आणि छाती नीट झाकली आहे ना, ते पाहा.

ही गाडी मुळात हौसेची नव्हे बरं का. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात वॅलकोर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए या तरुण मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात पोटाच्या आजारानं गेला. बर्फानं रस्ते बुजलेले, दवाखान्यात न्यायला वाहन नाही. बर्फावर चालणारी गाडी करण्याचा नाद त्याला आधीपासून होता, त्यानंतर तर तो त्यात बुडूनच गेला. १९३७ मध्ये त्यानं सात माणसं बसतील अशा गाडीचं पेटंट घेतलं. तिच्यातून डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुलं जाऊ लागली. आज आपण जिच्यावर बसतो ती उघडी, स्कूटरसारखी गाडी त्यानं १९५९ मध्ये बाजारात आणली.

आता मोज्यांकडे वळू. घरातले सुती मोजे बर्फात अजिबात घालू नका. सूत ओलं झालं की ऊब धरत नाही, आणि पाण्यातून उष्णता हवेपेक्षा पंचवीसपट वेगानं निघून जाते. पाणी बाहेरूनच येतं असंही नाही. दोन्ही पायांना मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात, आणि रबरी गमबुटातून घाम बाहेर पडायला वाट नसते. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल शोषते आणि तरीही ऊबदार राहते. तेव्हा विणायचेच असतील तर खऱ्या लोकरीचे, गुडघ्यापर्यंत येणारे मोजे विणा. दुकानदार म्हणतो ती लोकर खरी की कृत्रिम, हे ओळखायला एक धागा जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि बोटानं चुरडता येईल अशी राख पडते. कृत्रिम धाग्याचा वितळून कडक मणी होतो.

मात्र ‘दोन बरे तर तीन आणखी बरे’ असं करू नका. बूट आवळला की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतात. आत एक पातळ मोजा, वर एक जाड, आणि बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा. दुकानात गर्दी असली, दुकानदार घाई करत असला, तरी बुटात बोटं हलवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बुटाचा तळही पातळ असतो. सतरंजीशिवाय फरशीवर बसावं तसंच ते. काश्मीरात नमदा मिळतो, त्याचा तुकडा किंवा जाड फेल्ट पावलाच्या मापानं कापून आत घाला. बूट गळका निघाला तर मोज्यावरून प्लॅस्टिकची पिशवी चालेल, पण तासाभरात काढा, नाहीतर घामानं भिजाल.

साडीचा हट्टही या दिवशी नको. परकराचा काठ वातीसारखं पाणी ओढतो आणि थेट बुटात सोडतो. सलवार किंवा पँट घाला, तिचे पाय बुटाच्या बाहेर ठेवा आणि इलॅस्टिकनं बांधा.

आणि जोडवी! हा विषय नाजूक आहे, पण लिहिणं भाग आहे. धातू झटकन गार होतो, आणि बोटं सुजली तर जोडवी निघत नाहीत, रक्त अडतं. त्या दोन तासांपुरती ती पर्समध्ये ठेवलीत तर काही बिघडत नाही. सासूबाई बरोबर असतील तर त्यांचीही काढून ठेवा. यजमानांना जाता जाता सांगा, सिगारेटनं पायांच्या रक्तवाहिन्या आणखी आखडतात.

सगळ्यात जपायचं ते लहान मुलांना आणि मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. बोट गोठलं तरी कळत नाही. मुलाचं वेगळंच. ‘आई, पाय दुखतात’ म्हणून ते रडत असतं तोवर बोटात जाणीव आहे. रडता रडता ते गप्प झालं तर ‘सवय झाली’ म्हणून निश्चिंत होऊ नका. गाडी थांबवा, आडोशाला जा, बूट काढा आणि बोटं पाहा. पांढरी, मेणासारखी, टणक लागली तर ती गोठू लागली आहेत.

अशा वेळी चोळू नका, आणि बर्फानं चोळायचा जुना सल्ला तर मुळीच ऐकू नका. कांगडी, शेगडी, बुखारी यांच्याजवळही पाय नेऊ नका. बधिर पाय भाजला तरी समजत नाही. पुन्हा थंडीत जायचं नसेल तरच, घरात आल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात पाय बुडवा. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी आपण कोपरानं पाहतो ना, तेवढंच कोमट. अर्धा तास तरी लागेल, पाणी निवलं की बदला. बोटं शुद्धीवर येताना चांगलीच दुखतात, त्याला घाबरू नका. फोड आले तर फोडू नका. रंग किंवा जाणीव परतली नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

मुलाकडे किंवा लेकीकडे कॅनडाला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे या गाडीचे खास बूट मिळतात. खाली रबर, वर चामडं किंवा नायलॉन, आणि आत काढता-घालता येणारा फेल्टचा जाड मोजा. हा मोजा रोज रात्री बाहेर काढून वाळवलाच पाहिजे. शक्य तर दोन जोड ठेवा. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट बायका सीलच्या कातड्याचे बूट शिवतात. त्यांची सुई कातड्याच्या आरपार जात नाही, आणि शिवणीतला स्नायूचा दोरा ओला झाला की फुगून भोक बुजवतो. नवरा शिकारीहून धड पायांनी परत येणं त्या टाक्यावर अवलंबून असे.

परत आल्यावर भिजलेले बूट बुखारीला चिकटवून ठेवू नका, रबर तडकतं. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबा, झोपण्याआधी एकदा बदला. आणि एक कोरडा मोजाजोड प्रत्येकाच्या नावानं पिशवीत बांधून खांद्याला लावा, हॉटेलवर ठेवू नका.