रानातले उपचार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॉलेज सुटलेलं, नोकरी टिकत नाही, खोलीचं दार दिवसभर बंद. अशा विशी-पंचविशीतल्या मुलामुलींना काही आठवडे रानात ठेवून मानसोपचार करण्याची पद्धत अमेरिकेत, विशेषतः युटा राज्यात, रुजली. तिचं नाव वाइल्डरनेस थेरपी. हताश पालक तिच्याकडे अखेरचा उपाय म्हणून वळतात. म्हणूनच तिच्याविषयीचे गैरसमज महागात पडतात.

गैरसमज: हे पोरांना सरळ करणारं लष्करी शिबिर आहे.

तिचं मूळ शिक्षणात आहे. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी 1941 मध्ये वेल्समधल्या अॅबरडोव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ सुरू केलं. युद्धकाळात तरुण खलाशांना समुद्रात तग धरता यावा, हा हेतू होता. पुढे 1960च्या दशकाच्या अखेरीस लॅरी डीन ओल्सन यांनी युटातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या, अभ्यासात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना वाळवंटात नेलं. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ या कामात नंतर आले. आरडाओरडा आणि अपमान हा उपचाराचा भाग नाही.

गैरसमज: निसर्गात नेलं की मन आपोआप बरं होतं.

निसर्गाचा फायदा होतोच, पण उपचार त्याहून वेगळा आहे. अनेक शिबिरांत काडेपेटी न देता विस्तव पेटवायला शिकवतात. धनुष्याच्या दोरीत अडकवलेली काठी लाकडाच्या फळीवर फिरवत राहायची, काळा भुगा जमू द्यायचा, त्यात धुगधुगणारा निखारा वाळक्या सालींच्या चोथ्यात घेऊन हलकी फुंकर घालायची. बहुतेकांचे पहिले प्रयत्न फसतात. कुणी काठी भिरकावतं, कुणी रडतं, कुणी सोबत्याला दोष देतं. सोबतचे मार्गदर्शक हे टिपून ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी येणारा मानसोपचारतज्ज्ञ नेमक्या त्याच प्रसंगावरून बोलायला सुरुवात करतो. हा धागा नसेल, तर उरते ती सहल. सह्याद्रीतला ट्रेकही मनाला उभारी देतो, पण नैराश्यावर त्याला उपचार म्हणता येत नाही.

गैरसमज: बळजबरीने पाठवलं तरी नंतर आभारच मानतील.

अमेरिकेत अल्पवयीन मुलांना पालकांच्या संमतीने रात्री झोपेतून उठवून अनोळखी माणसांकरवी शिबिरात नेल्याच्या घटना मोठ्या संख्येने नोंदल्या गेल्या आहेत. अनेकांना मोठेपणीही त्या रात्रीची दुःस्वप्नं पडतात. अठरा वर्षांवरच्या सज्ञान व्यक्तीला मात्र साधारणपणे स्वतःची संमती द्यावी लागते आणि ती मागेही घेता येते. तरुणांसोबतच्या कामाचा सारा पाया हाच आहे.

गैरसमज: रान म्हटलं की अपघात व्हायचेच.

गाजलेले बरेचसे मृत्यू दरीत कोसळून झालेले नाहीत. 1990 मध्ये युटातल्या शिबिरात 16 वर्षांची मुलगी उष्माघाताने दगावली. 1994 मध्ये 16 वर्षांच्या मुलाचा अल्सर फुटला होता. त्याच्या वेदनांना सोंग ठरवलं गेलं आणि तो गेला. 2007 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने अशा दहा मृत्यूंची चौकशी मांडली, तेव्हा अप्रशिक्षित कर्मचारी आणि हलगर्जी पुन्हा पुन्हा पुढे आली. 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात 12 वर्षांचा मुलगा शिबिरात पोहोचल्यावर चोवीस तासांच्या आत दगावला. राज्याने त्या संस्थेचा परवाना रद्द केला. हे मृत्यू टाळता आले असते.

गैरसमज: याला शास्त्रीय आधारच नाही.

2013 मध्ये बोवेन आणि नील यांनी साहसी उपचारांवरच्या (रानातले उपचार हा त्यातलाच एक प्रकार) 197 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सरासरी परिणाम मध्यम आणि सकारात्मक आढळला. मात्र या क्षेत्रातल्या बऱ्याच अभ्यासांत तुलनेसाठी उपचार न घेतलेला गट नसतो, त्यामुळे ‘हमखास गुण’ हा दावा टिकत नाही.

म्हणून चौकशी करताना पालकांनी आणि स्वतः त्या तरुणाने थेट विचारावं: परवाना कुणाचा? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा भेटतो? दुखणं सांगितलं तर डॉक्टरकडे किती वेळात नेतात? घरी फोन करता येतो का? घरी परतल्यावर उपचार कोण चालू ठेवणार? उत्तरं लेखी मागावीत. टाळाटाळ झाली, तर पैसे भरू नयेत.