नऊ वर्षांच्या मुलाला काळे पाणी

डिसेंबर १७८३. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात जॉन हडसन हा जेमतेम नऊ वर्षांचा मुलगा आरोपी म्हणून उभा होता. आईबाप वारलेले, धंदा अधूनमधून धुराडी झाडण्याचा. एका घरात शिरून त्याने सदरा, मोजे व पिस्तूल लांबविल्याचा आरोप होता. रात्रीच्या घरफोडीला तेव्हा फाशी असे. ज्यूरीने केवळ चोरी शाबीत धरली, म्हणून सात वर्षांच्या काळ्या पाण्यावर निभावले. ‘फ्रेंडशिप’ जहाजाने १७८८ मध्ये तो ऑस्ट्रेलियास व तेथून १७९० मध्ये नॉर्फोक बेटावर पोहोचला. त्याच वर्षाअखेर सजेची मुदत भरली. तरीही १७९१ मध्ये, रात्री नऊनंतर झोपडीबाहेर सापडला म्हणून, त्याच्या पाठीवर पन्नास फटके पडले. त्याचा माग लागतो तो अशा दप्तरांतच. तेथे त्याच्या शिक्षेचा हिशेब आहे, बालपणाचा नाही.