पांढरीची माती, काळीची माती

परतीच्या पावसानंतर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या जुन्या वस्तीच्या टेकाडावरून उतरलो आणि फुलोऱ्यात आलेल्या तुरीच्या वावरातून घरी आलो. बुटाच्या खाचेत माती दोन थरांत बसली होती. आतला थर फिकट, राखेसारखा, पांढरीचा. वर काळीचा चिकट लगदा. वस्तीची जागा ती पांढर, शेत ती काळी, ही आपली जुनी ओळख. आधी कुठे गेलो आणि नंतर कुठे, तेही बुटावर लिहिलेलं होतं. 1908 साली बव्हेरियातल्या एका खुनाच्या तपासात रसायनतज्ज्ञ गेओर्ग पॉप यांनी संशयिताच्या बुटावरचे थर असेच एकामागून एक वाचले होते.

दोन्ही थर चाकूने सोडवून पाण्याच्या वेगवेगळ्या ग्लासांत टाकले. पांढरीच्या ग्लासात खापरांचा चुरा लगेच तळाशी बसला, कोळशाचे कण वर तरंगले. काळीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच होतं. तळाशी चुनखडीचे बारीक खडे. त्यावर लिंबू पिळलं की बुडबुडे येतात.

पण काळी माती मराठवाडाभर पसरलेली, सगळी एकाच काळ्या पाषाणातून झिजून आलेली. नुसत्या रंगावर वावर ओळखता येत नाही. तिथे परागकण कामाला येतात. त्यांचं कवच इतकं चिवट, की प्रयोगशाळेत मातीतली वाळू हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवली तरी ते उरतं. सूक्ष्मदर्शकाखाली सूर्यफुलाचा कण काटेरी दिसतो, बाभळीचे बहुधा सोळा-सोळा कण एका गठ्ठ्यात चिकटलेले. ज्वारीचा पराग वाऱ्यावर दूर जातो, म्हणून त्याची साक्ष कच्ची. तुरीचा पराग झाडापासून फारसा लांब जात नाही. तो कपड्यांवर भरपूर सापडला, तर माणूस तुरीत शिरला होता असं मानायला मोठा आधार मिळतो. कोण शिरला आणि का, हे मात्र माती सांगत नाही.

आणि ही साक्ष वाचायला तज्ज्ञ लागतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तोवर आणि त्यानंतरही, पुरावा टिकतो किंवा मरतो तो पंचनाम्यात. ओली माती प्लॅस्टिकमध्ये बांधली की बुरशी धरते. आणि आसपासच्या वावरांचे, बांधाचे, वाटेचे नमुने सोबत नसतील, तर बुटावरची माती ताडून बघायची कशाशी?

उद्या तुम्हाला पंच म्हणून बोलावलं, तर प्रत्येक नमुना वेगळ्या कागदी पाकिटात गेला का, त्यावर जागा लिहिली का आणि तुमच्यासमोर लाखेचं सील लागलं का, हे बघा. मगच सही करा.