हरिहरेश्वरच्या खडकावरची ती जाळी कुणी कोरली? रायगड किनाऱ्यावरच्या तीन सोप्या वाटा आणि त्यांच्यातला इतिहास

हरिहरेश्वरचा फोटो किंवा रील कुणी टाकलं, की खाली एक प्रश्न हमखास येतो. खडकावर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, ती कशाची? कुणी म्हणतं जुन्या काळातलं कोरीवकाम, कुणी म्हणतं डायनासोरच्या काळातले जीवाश्म.

दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. पण खरं उत्तर जास्त भारी आहे, आणि ते बघायला मोठा ट्रेक करावा लागत नाही. चप्पल सोडून चांगले बूट घातले आणि भरती-ओहोटीची वेळ पाहिली, तरी पुरे.

आधी हे बघू, की इथे डायनासोर का सापडत नाहीत?

जैसलमेरजवळ अकल नावाच्या गावी वाळवंटात १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके पडलेत. आपल्याकडे गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला झाडांचे आणि डायनासोरचे जीवाश्म मिळाले. मग रायगडच्या किनाऱ्यावर का नाही?

कारण जीवाश्म तयार व्हायला गाळ लागतो. प्राणी किंवा झाड चिखलात, वाळूत गाडलं गेलं, वर थर चढत गेले, तर त्याचा दगड होतो. रायगडचा काळा कातळ मात्र लाव्हाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरांवर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. तापलेल्या लाव्हात हाडं टिकत नाहीत.

दोन उद्रेकांच्या मधे शांत काळ असायचा, तळी साचायची, त्यात जीव वाढायचे. अशा गाळात मात्र जीवाश्म मिळतात. मुंबईत अशाच थरात चिमुकले बेडूक सापडले. त्यांचं वर्णन १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी केलं. 'डायनासोर' हा शब्द घडवणारे शास्त्रज्ञ ते हेच.

पहिली वाट : हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

श्रीवर्धन तालुक्यातलं हरिहरेश्वर म्हणजे पेशव्यांचं कुलदैवत. देवळाजवळून पायऱ्या चढून गेलं, की डोंगराच्या अरुंद फटीतून वाट थेट समुद्राकडे उतरते. खाली पसरट कातळ लागतो. त्यावरून डोंगराला वळसा घालून पुन्हा देवळापाशी यायचं.

हा पसरट कातळ लाटांनी बनवलाय. लाटा कड्याच्या पायथ्याला धडकतात, पायथा पोखरला जातो, वरचा भाग कोसळतो आणि कडा मागे सरकतो. मागे उरतो तो हा ओटा.

आणि ती जाळी? ती मिठाची करामत आहे. लाटांचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात. उन्हात पाणी उडून जातं आणि मिठाचे स्फटिक वाढताना खडकाचे कण ढकलून सुटे करतात. एकदा खळगा पडला, की त्यात ओल जास्त टिकते, म्हणून तो आणखी खोल होतो. मधल्या भिंती तेवढ्या उभ्या राहतात.

कातळावर गोल, गुळगुळीत खड्डेही दिसतील. ते रांजणखळगे. पाण्याबरोबर गोटे गरगर फिरून ते घासले जातात. निघोजला कुकडी नदीने केलंय तेच काम इथे समुद्र करतो.

दुसरी वाट : अलिबाग ते कुलाबा किल्ला

ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. पायाखालचा खडक नीट बघा. त्यात बारीक पोकळ्या दिसतात. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या त्या जागा. काहींमध्ये नंतर पांढरी खनिजं साचली. अनेकांना ती शिंपल्यासारखी वाटतात, पण तो जीवाश्म नाही.

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्यावर ठिकठिकाणी वाळू आणि शिंपले चिकटून झालेला दगडही आढळतो. पाण्यातला चुना त्यांना सिमेंटसारखा धरून ठेवतो. त्यातले शिंपले काही हजार वर्षांपूर्वीचे. जीवाश्म म्हणायला साधारण दहा हजार वर्षं वय लागतं, म्हणून यांना फार तर उपजीवाश्म म्हणता येईल. तरी त्यांची किंमत मोठी आहे. असा दगड भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तयार होतो. तो आजच्या भरतीच्या रेषेच्या वर सापडला, तर तेव्हा समुद्र वर होता किंवा नंतर जमीन उचलली गेली, हे कळतं.

तिसरी वाट : मुरूडचा किनारा

मुरूड-जंजिरा परिसरात खडकांमधून भिंतीसारखे सरळ पट्टे गेलेले दिसतात. जमिनीला पडलेल्या भेगांत शिलारस शिरून गोठला, ते हे पट्टे. बरेचसे साधारण उत्तर-दक्षिण, म्हणजे किनाऱ्याला समांतर धावतात. इथल्या काही पट्ट्यांत पृथ्वीच्या पोटातून, खूप खोलवरून वर आलेले वेगळ्या खडकांचे तुकडे अडकलेत. इतकं खोल बोअर मारून कुणीही पोहोचू शकत नाही, म्हणून शास्त्रज्ञांना त्यांचं अप्रूप.

जायचं कधी?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. या वाटा सोप्या आहेत, पण फक्त ओहोटीला. हरिहरेश्वरच्या कातळावर लाटेने ओढून नेल्याने माणसं दगावली आहेत.

कोकणातला जुना हिशेब लक्षात ठेवा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या साधारण सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. ही वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त आत येतं, तसंच जास्त बाहेरही जातं. म्हणून द्वितीया-तृतीयेची सकाळ सोयीची. ओहोटी साडेसात-आठच्या सुमाराला येते आणि ऊनही कमी असतं.

हा हिशेब अंदाजाचा आहे. निघण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघा आणि गावातल्या कोळी बांधवांना विचारा. पाणी उतरत असतानाच निघा, चढायला लागण्याआधी परत फिरा. पावसाळ्यात या वाटांना जाऊच नका. ओल्या शेवाळावर पाय ठेवू नका आणि समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढत बसू नका.

आणखी एक. आठवण म्हणून खडकाचा तुकडा फोडून आणू नका. जाळीची एक भिंत तुटली, तर ती पुन्हा जोडता येत नाही. फोटो हवे तेवढे काढा. आणि पुढच्या वेळी रीलखाली तो प्रश्न आला, तर उत्तर द्या : ही जाळी मिठाने कोरली आहे.